पुढची दोरी

सोमवार, ३ तारीख

आणि ब्रेक कोणी मारला होता? मी? मी तर शेजारच्या सीटवर मांडीवर आरसा घेऊन बसलो होतो. स्टिअरिंग दादाच्या हातात, ब्रेकवर पाय दादाचा, पुलाजवळचं वळण तिथे आधीपासूनच होतं, आणि दोष कोणाचा, तर माझ्या गाठीचा! घर बदलताना टेम्पोवरून आईचं शिलाई मशीन पडलं त्याला दीड वर्ष झालं. तरी विषय निघाला की दादाचं एकच वाक्य, "बांधलं कोणी होतं?" बस्स. पुढे बोलत नाही. पुढे बोलला असता तर मी उत्तर तरी दिलं असतं. उत्तर माझ्याकडे तयार आहे. दीड वर्ष तयार आहे.

हे आज वर आलं, कारण आज मावशींनीही तेच केलं. मावशी म्हणजे इथल्या मालकीण. गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. तळ्याकाठच्या लांब शेडमध्ये सुतारबाबा लाकडी होड्या बनवतात. अरुंद, दोन्हीकडे टोकदार, दोन माणसांनी वल्हवायच्या. त्यांना कनू म्हणतात, पण आम्ही आपलं होडीच म्हणतो. तयार होडी मावशी गाडीच्या टपावर पालथी बांधतात आणि स्वतः चालवत गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन देतात. आणि मी? जे उचलायचं ते उचलतो.

आज म्हणाल्या, "बांध तू." बांधली. त्यांनी होडीला हात लावून एकदा हलवली.

"काय हललं?"

"होडी."

"आणि गाडी?"

"गाडी कशाला हलेल, मावशी?"

"म्हणूनच सोड. पुन्हा बांध."

तीन वेळा. तिसऱ्यांदा मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाल्या, "वादळा, मोठ्याने बोल, मलाही शिकू दे." मला त्या वादळ म्हणतात. मग ही वही दिली. रोज जे शिकशील ते लिही, मी बघेन. म्हणून पुढून त्यांच्यासाठी लिहितो आणि मागून हे. मागून कोणी वही उघडत नाही.

मंगळवार, ४ तारीख

वहीत पुढून मावशींसाठी लिहिलं ते असं. टपाच्या कॅरिअरला दोन आडवे बार. त्यावर फोम. होडी पालथी आणि बरोबर मध्ये. पोटावरून दोन पट्टे. पट्टा नुसता वरून टाकायचा नाही, बारखालून घ्यायचा, होडीला चिकटून. मग पुढच्या टोकाची दोरी पुढच्या हुकाला, मागची मागच्या हुकाला. पट्टे होडीला खाली धरतात. पुढची दोरी वाऱ्याला धरते. गाडी जोरात गेली की वारा होडीचं नाक वर उचलायला बघतो. शेवटी होडी धरून हलवायची. होडीबरोबर सगळी गाडी डुलली, तर झालं.

मावशींनी वाचलं, "टोकाची" हा शब्द दुरुस्त केला आणि वही परत दिली. त्यांना मी आवडत नाही हे नक्की. बाकीच्यांना इतकं कोणी तपासत नाही. बाकीचं कोणी इथे नाहीही म्हणा.

गुरुवार, ६ तारीख

होडी फुटली. मी फोडली.

नीट लिहितो, कारण उद्या मला वाटेल की असं झालंच नव्हतं.

पोस्टमनची होडी आज जायची होती. पोस्टमन आता निवृत्त आहेत, इथून तीन तासांवर नदीकाठी राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलेली होडी. सुतारबाबांनी मधे पाठीचं दुखणं काढलं, लाकूड मिळेना, असं करत करत दोन वर्षं. परवाच शेवटचं वॉर्निश वाळलं. आतून बघितलं तर माणसाच्या बरगड्या असाव्यात तशा पातळ पातळ पट्ट्या, एकसारख्या.

मावशी फोनवर होत्या. मी म्हटलं, आज एकदाच बांधतो, आणि अशी की हत्तीने हलवली तरी गाडीच हलेल. आमच्याकडे एक दातांचा पट्टा आहे, हँडल वरखाली केलं की करकर करत एकेक दात पुढे सरकतो आणि पट्टा आवळत जातो. तो खरं तर लोखंडी पाइप बांधायचा. मी तोच घेतला. आवळला. हलवून बघितलं, गाडी डुलली. झालं होतं. तिथेच हात काढायला हवा होता. पण मला वाटलं, आणखी दोन दात. मग आणखी एक.

बोटं मोडल्यावर येतो तसा आवाज आला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला सुतारबाबा रंधा मारत होते. रंधा थांबला. एवढ्या लांबून ऐकू गेलं त्यांना. आले, होडीखाली डोकं घालून आतून बघितलं, तीन बरगड्या. पट्टा त्यांनी स्वतः सोडला, अगदी हळू, दुखऱ्या पायाचं बँडेज सोडावं तसा. मग बाकावर बसून चष्मा पुसत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशींनी पोस्टमनना फोन करून पंधरा दिवस मागून घेतले. मग माझ्याकडे वळल्या. "दाबून धरलं की निसटत नाही, असं कोणी सांगितलं तुला?"

मला वाटलं आता म्हणतील, पिशवी भर. तसं म्हणाल्या नाहीत. पण मीच ठरवलंय, जायचं नाही. घरी गेलो तर दादा दारातच म्हणेल, "बांधलं कोणी होतं?" हे वाक्य पुन्हा ऐकायचं नाही. होडी दुरुस्त होईल, आणि ती मीच बांधून पोचवेन. एक ओरखडा न येता.

शुक्रवार, ७ तारीख

आईचा फोन. काही सांगितलं नाही. "काम कसं आहे?" "छान." "जेवतोस ना?" "जेवतो." "आवाज का असा?" "वॉर्निशचा वास बसतो घशात."

मशीनचं विचारलं, तर म्हणाली, चालतंय की. एक पाय मोडला होता ना, तिथे दादाने लाकडाची पाचर ठोकलीय. दर महिना-दोन महिन्यांनी झिजते, मग तो नवीन करून ठोकतो. "स्वतः तासतो रे, कामावरून आल्यावर. दहा वेळा मशीन हलवून बघतो, लंगडत नाही ना म्हणून."

बघा. नवा पाय बसवून विषय मिटवत नाही, दर दोन महिन्यांनी नवी पाचर. म्हणजे कोणी मोडला ते सगळ्यांच्या लक्षात राहावं. दादाचं डोकं कुठे चालेल सांगता येत नाही.

वर आई म्हणते, "दादा विचारत होता, त्याला होडी पोचवायला गाडीवर जाऊ देतात का म्हणून." म्हणजे काय, जाऊ देत नसतील अशी खात्रीच आहे त्याला.

आणि खरं सांगायचं तर घर बदललं त्या दिवशी दादाने विचारलं होतं. पेट्रोल भरताना. "एकदा बघू का मागे?" मी म्हटलं, "मी बांधलंय ना, चल." आता ज्याने बांधलं त्याने असंच म्हणायचं असतं. नाहीतर काय म्हणायचं, माझा माझ्यावर विश्वास नाही?

सोमवार, १० तारीख

तीन दिवस सुतारबाबांच्या हाताखाली. लाकडाची पातळ पट्टी वाफेच्या पेटीत ठेवायची, मऊ झाली की काढून लगेच वाकवायची. लगेच म्हणजे दहा अंक मोजेपर्यंत. हात भाजतात. पहिल्या दोन माझ्या हातात तुटल्या. तिसरीला बाबा म्हणाले, "तू तिला वाकवतोयस. ती वाकतेय तेवढी वाकू दे, बाकीची होडीत बसवताना वाकेल." कळलं नाही. पण चौथी तुटली नाही.

दुपारच्या चहाला मी विचारलं, "बाबा, पट्टा किती आवळायचा हे कळतं कसं?"

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट, पण दुखेल असं नाही. "सोडव." सोडवता येईना. "दुखतंय?" "नाही." "एवढा."

मग दोरीचं सांगितलं. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते. कोरडी असताना कितीही कडक बांधा, पाऊस लागला की सैल. म्हणून वाटेत उतरून बघायचं.

मी उडालोच. मशीन पडलं त्या दिवशी वाटेत पाऊस लागला होता! दोरी भिजली होती! म्हणजे दोष ना दादाचा, ना माझा, दोष दोरीचा! दादाला हे सांगायला पाहिजे. संध्याकाळी फोन हातात घेतला होता. पण मग वाटलं, तो म्हणेल, "नायलॉनच्या दोरीने बांधलं कोणी होतं?" ठेवला.

मंगळवार, ११ तारीख

दातांचा पट्टा मावशींनी खिळ्याला टांगून ठेवलाय, वर खडूने लिहिलंय "फक्त पाइप". माझ्यासाठीच. आता साधे बकलचे पट्टे, हाताने ओढायचे, हाताला कळतं तेवढेच.

जुनी प्लास्टिकची होडी मागितली सरावाला, तर म्हणाल्या ती भाड्याने गेलीय. मग मी पाण्याचं रिकामं पिंप कुंपणाला बांधलं, बाकडं खांबाला बांधलं, माझी पत्र्याची पेटी खाटेला. मावशी येऊन बघत उभ्या राहिल्या.

"बाकडं पळून चाललंय का कुठे?"

"सराव करतोय."

"बाबा कुठे बसतील?"

सोडलं. मग बाबा येऊन बाकड्यावर बसले. मी त्यांच्यासकट पुन्हा बांधलं. बाबा हसले. होडी फुटली त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

गुरुवार, १३ तारीख

आज चाळीस वेळा. बांधायचं, सोडायचं. तळहात सोलले. शेवटच्या दहा वेळा डोळे मिटून.

शुक्रवार, १४ तारीख

होडी झाली. नव्या तीन बरगड्या रंगाने थोड्या उजळ दिसतात. मी म्हटलं, वॉर्निशात थोडा रंग घालू या, कळणार नाही. बाबा म्हणाले, "कळू दे की."

रविवारी न्यायचीय. मावशींनी विचारलं, बांधणार कोण? माझ्या तोंडाने मागायचं नाही असं ठरवलं होतं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ज्याने फोडली त्याने बांधावी."

शिक्षा आहे. पण मला चालेल. मावशी लगेच हो म्हणाल्या, जणू आधीच ठरलेलं होतं. या दोघांचं माझ्याविरुद्ध काहीतरी चालूच असतं.

रविवार, १६ तारीख

सगळं लिहितो. हाताला कळ लागली तरी.

सकाळी सातला बांधली. दोन पट्टे, बारखालून, हाताला कळेल तेवढे. आणखी ओढावंसं वाटत होतं. हात मागे बांधून उभा राहिलो, खरंच. पुढची दोरी, मागची दोरी, मागच्या टोकाला लाल कापड. हलवली. गाडी डुलली. मावशींनी हलवूनसुद्धा बघितली नाही, नुसत्या गाडीत जाऊन बसल्या. म्हटलं, आज यांचं लक्ष नाही.

दहा किलोमीटरवर मी म्हटलं, थांबू या, बघतो. सगळं जागेवर. पुढे मोठ्या रस्त्याला लागलो तर वरून घोंऽऽ असा आवाज. मावशी म्हणाल्या, "पट्टा गातोय. सपाट पट्टा वाऱ्यात वाजतो." उतरून दोन्ही पट्ट्यांना एकेक पीळ दिला, गाणं बंद. एवढं सोपं! मी इतका खूश झालो की मावशींना म्हटलं, आता तुम्ही रेडिओ लावा, वरचा बंद केलाय. त्यांनी लावला.

दीड तास झाला असेल. बारीक पाऊस लागला. वायपर, रेडिओ, मावशी गुणगुणत होत्या. आणि मला ऐकू आलं.

टक.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक, टक. समोरून. अगदी बारीक.

आता जे लिहितोय ते या वहीत आधी लिहिलं नाही. आईला सांगितलं नाही, कोणालाच नाही. त्या दिवशी टेम्पोतही ऐकू आलं होतं. पेट्रोल पंपानंतर, पूल यायच्या खूप आधी. मागून, टक, टक. मशीनचं चाक बाजूच्या पत्र्याला लागत होतं. मला कळलं होतं काय सैल झालंय ते. पण पाच मिनिटांपूर्वीच मी म्हटलं होतं, मी बांधलंय ना, चल. मग आता कसं म्हणायचं, थांब? म्हणून मी बोलायला लागलो. नव्या घराचं, खोलीला रंग कोणता द्यायचा त्याचं, मोठमोठ्याने, आवाज बुडेपर्यंत. दादा हं, हं करत होता. मग वळण आलं.

ब्रेक नव्हता, दोरी नव्हती. मी ऐकलं होतं.

आणि आज पुन्हा तेच. सकाळपासून मी शहाणा ठरलो होतो. मावशींनी तपासलंही नव्हतं. आता थांबा म्हटलं तर त्या म्हणतील, बांधलं कोणी होतं? दोन किलोमीटर मी नुसता समोर बघत होतो. तोंड उघडून गिऱ्हाइकाच्या घराविषयी काहीतरी विचारणार होतो, खरंच विचारणार होतो. तेवढ्यात मावशींनी रेडिओ बंद केला, गाणं आवडलं नसेल. गाडीही जरा हळू झाली होती, पुढे वळण असावं.

मी म्हटलं, "मावशी, थांबा. माझी दोरी सुटतेय."

बाजूला घेतली. पुढची दोरी भिजून लोंबत होती, वाऱ्याने होडीचं नाक उचललं की खाली येताना बॉनेटवर आपटायची. गाठ सुटलेली नव्हती, फक्त ताण गेला होता. पण आणखी अर्धा तास असंच चाललं असतं तर पुढचा पट्टा सरकला असता, आणि पुढे घाट होता. पावसात उभं राहून ओल्या दोरीनेच पुन्हा बांधली. हलवली. गाडी डुलली, मावशीही आत डुलल्या.

आत येऊन बसलो, केसातून पाणी गळतंय. मावशींनी फडकं दिलं.

"कधीपासून ऐकत होतास?"

"दोन किलोमीटर."

"पुढच्या वेळी एक," त्या म्हणाल्या आणि गाडी काढली.

पुढे आणखी दोनदा थांबलो. दोन्ही वेळा मीच म्हटलं.

पोस्टमन फाटकातच उभे होते, छत्री घेऊन. म्हणाले, "आयुष्यभर लोकांची पार्सलं वेळेवर पोचवली, आणि माझं दोन वर्षं वाटेत!" होडी उतरवली, अंगणात सुलटी केली. त्यांनी आत हात फिरवला आणि उजळ बरगड्यांपाशी थांबले. मी म्हटलं, "या मी फोडल्या होत्या. आणि यांतली एक मी वाकवलीय." मावशींनी माझ्याकडे बघितलं. पोस्टमन म्हणाले, "कुठली?" दाखवली. त्यांनी त्या एकीवरच दोनदा टिचकी मारली, दरवाजा ठोठावावा तशी. "पक्की आहे," म्हणाले. मग सही करायला कागद मागू लागले, सवयच ती. कागद नव्हता. मी ही वही दिली, पुढून उघडून. सही आहे.

येताना मावशी म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून बांधणं तुझं. मी म्हटलं, "आणि तपासणार कोण?" त्या म्हणाल्या, "ऐकणाऱ्याने तपासायचं."

सोमवार, १७ तारीख

आज दुपारी दादाला फोन केला. आईला नाही, दादाला. चार घंट्या वाजल्या.

"काय रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे. दादा, ते मशीन..."

"पुन्हा मशीन?"

"ऐक ना. त्या दिवशी मागून आवाज येत होता. टकटक. पंपापासून. मी ऐकला होता. तुला बोललो नाही."

मागे कुठेतरी भांडी वाजत होती, मग तीही थांबली. मला वाटलं, फोन कट झाला.

"दादा?"

"मीही ऐकला होता," तो म्हणाला.

"काय?"

"मीही ऐकला होता रे. म्हटलं, आत्ताच एकदा विचारलं तर हा फणकारला. पुन्हा विचारलं तर नव्या घरात पाय टाकायच्या आधी भांडण. म्हटलं, पूल ओलांडू, मग थांबू." मग म्हणाला, "तू किती बडबडत होतास."

दीड वर्ष जे उत्तर तयार होतं, ते आता कोणाला द्यायचं? त्याने विचारलं, गाडीवर जाऊ देतात का. मी सांगितलं, होडी कशी बांधतात. सगळं. बारखालून पट्टा, पीळ, पुढची दोरी, ओली झाली की काय होतं. तो मधेच म्हणाला, "थांब, थांब, पीळ का?" मी सांगितलं. "असं होय," म्हणाला. दादाने मला काही विचारलं आणि मला ते येत होतं, असं आधी कधी झाल्याचं आठवत नाही.

मी म्हटलं, मशीनला नवा पाय ओतून घे. म्हणाला, कशाला, पाचर आहे ना, मला आता तासायची सवय झालीय. मी म्हटलं, सवय झाली म्हणून काय जन्मभर तासणार? हसला. म्हणाला, बघतो ओतकामाच्या कारखान्यात विचारून. मी म्हटलं, बघू नको, सांगूनच ये, पैसे मी पाठवतो. आणि पाचर टाकून देऊ नको, मी आलो की मला बघायचीय.

मावशी आत्ता शेडच्या दारातून विचारून गेल्या, उद्याची होडी सातला की आठला. सातला म्हटलं.

पैसे दादाच्या नावावर पाठवतोय, आईच्या नाही. मशीनच्या पायासाठी. चार हजार तीनशे रुपये.